आधीच धुतलेले पाय

३ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुझी तब्येत बरी असेल आणि शेजारणीशी चाललेलं भांडण मिटलं असेल, अशी आशा करतो. पहिल्याची मला खात्री आहे, दुसऱ्याची नाही.

काल आमच्या चर्चमध्ये जे झालं ते तुला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गेले दोन महिने मी मंडळीला एकच गोष्ट सांगतोय, की प्रीती नुसती बोलायची नसते, करायची असते. आणि ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही त्यांच्यावर आधी करायची असते. म्हणून आम्ही बारा माणसं बोलावली. रस्ते झाडणारे, कचऱ्याच्या गाडीवरचे, गटार उपसणारे, शवागारातला एक मदतनीस. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आम्ही त्यांचे धुणार होतो. खुद्द बिशपसाहेब आले होते. वेदीसमोर बारा खुर्च्या, पितळी घंगाळं, कोमट पाणी, नवे कोरे पांढरे टॉवेल.

खरं सांगतो, मी मनातून धास्तावलो होतो. घाणीची, वासाची तयारी ठेवून गुडघे टेकले, पहिला पाय हातात घेतला, आणि काय सांगू! पाय लख्ख. टाचेच्या भेगांतसुद्धा मळ नाही. साबणाचा वास येतोय. माझ्या वाट्याला पाच जण होते, पाचही तसेच. मला माझीच लाज वाटली. कष्टकऱ्यांबद्दल आपण काय काय गृहीत धरून बसतो! पुढच्या रविवारचा उपदेश मी यावरच करणार आहे.

एक गालबोट मात्र लागलं. आमच्याकडे चौदा वर्षं एक मावशी झाडलोट करते. सकाळी ती मागच्या बाजूला काहीतरी करत होती, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आत बाराव्या माणसाला, म्हणजे गटार उपसणाऱ्याला, सोबत घेऊन चक्क निघून गेली. कुणाला सांगणं नाही, विचारणं नाही. बिशपसाहेब नेमके त्याचेच पाय धुणार होते. ते टॉवेल घेऊन रिकाम्या खुर्चीपुढे उभे, आणि फोटोवाला आपला फोटो काढतोय! शिवाय बाथरूम धुतलेलं नव्हतं ते वेगळंच. सेक्रेटरी म्हणतात, बारा जणांत तिला घेतलं नाही म्हणून तिने हे मुद्दाम केलं. मला आधी पटत नव्हतं, पण दुसरं कारण तरी काय असणार? कमिटी तिचं काय ते बघेल.

प्रार्थनेत आठवण ठेव.

तुझा धाकटा


८ मार्च

धाकट्या,

सलाम नंतर. आधी मला सांग, गटारात उतरणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या माणसांच्या टाचेच्या भेगा लख्ख कशा असतील रे? एकतीस वर्षं मी दवाखान्याच्या लाँड्रीत सोड्याच्या पाण्यात उभी होते. घरी येऊन दगडाने घासघासून धुतले तरी माझ्या टाचांतली काळी रेघ गेली नाही. ती गेली रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी. त्याच पायांशी बसून तू अभ्यास केलास. इतकी वर्षं काय पाहत होतास?

ते पाय आधीच कुणीतरी धुतले होते, मठ्ठा. बारा माणसं धुऊनपुसून तुमच्यापुढे मांडून ठेवली होती, म्हणजे साहेबलोकांच्या हाताला काही लागायला नको. तू धुतलेले पाय धुतलेस, वर स्वतःच्या नम्रतेवर खूश झालास, आणि आता त्यावर उपदेशही करणार आहेस. वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

कुणी धुतले ते मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे. ‘मागच्या बाजूला काहीतरी करत होती’ हे तुझेच शब्द आहेत. चौदा वर्षं तुझ्या चर्चची फरशी पुसणारी बाई ‘काहीतरी’ करते, आणि तू पंधरा मिनिटं वाकलास तर ती प्रीती होते. दुर्लक्षित माणसं शोधायला गावभर हिंडलास, आणि दारात बादली घेऊन उभी असलेली बाई तुला दिसली नाही!

आता मला नीट माहिती काढून दे. पाणी गरम होतं की थंड? ती गुडघ्यांखाली काय घेऊन बसली होती? तो बारावा माणूस कुठे आहे, आणि ती त्याला का घेऊन गेली? तिला बोलावणं पाठवू नकोस. तू उठून तिच्या घरी जा. तुला पाय आहेत ना?

ताई


१५ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. पहिली विनंती, यापुढे कार्डावर लिहू नकोस, पाकिटात घालून पाठव. चर्चच्या पेटीतलं टपाल माझ्याकडे सेक्रेटरींच्या हातून येतं. ‘मठ्ठा’ हा शब्द त्यांनी वाचलाय हे त्यांच्या मिशीवरूनच कळलं.

दुसरं, लाँड्रीचं. इथल्या लोकांची समजूत आहे की तू नर्स होतीस. मी तसं कधी म्हणालो नाही. ‘ताई दवाखान्यात असते’ एवढंच म्हणालो होतो, पुढचं त्यांनी आपापलं धरून घेतलं. मी ते दुरुस्त केलं नाही. आता इतक्या वर्षांनी ते निघायला नको.

तू विचारलंस त्याचा मी सेक्रेटरींकडे तपास केला. हो, पाय आधी धुऊन घेतले होते. सेक्रेटरींनीच मावशीला सांगितलं होतं. सकाळी सहाला, मागच्या नळाखाली, घमेल्यात. पाणी थंड होतं. गॅस पुढच्या कोमट पाण्यासाठी लागणार होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता ग, बिशपसाहेबांचं वय पाहता त्यांना काही संसर्ग होऊ नये एवढंच त्यांच्या मनात होतं. मला हे माहीत नव्हतं, देवाशपथ.

गटारवाल्याचे पाय धुताना तिला त्याच्या बोटांच्या बेचक्यात जखम दिसली म्हणे. काळी पडलेली. त्याला साखरेचा आजार आहे, दुखत नव्हतं म्हणून त्याचं लक्षच नव्हतं. तिने पदर फाडून बांधलं आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली. हे सगळं आता कळतंय. पण ताई, तिने कुणाला तरी सांगून जायला हवं होतं, हे तूही मान्य करशील. शिस्त म्हणून काही असते.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती, कारण तेव्हा ती झाली नव्हती. कमिटीने तिला कामावरून कमी केल्याचं पत्र दिलंय. एकतीस मार्च हा शेवटचा दिवस. पाच जणांच्या सह्या आहेत, सहावी माझी. तपास करायच्या आदल्या दिवशी केली. आता मागे फिरलो तर कमिटीचं तोंड काळं होईल, आणि बिशपसाहेबांपर्यंत जाईल. तिच्या घरी अजून जाणं झालेलं नाही. काय बोलू, ते सुचत नाही.

तुझा धाकटा


२० मार्च

धाकट्या,

हेही कार्डावरच लिहिते, आणि मोठ्या अक्षरात लिहिते. सेक्रेटरीसाहेब, वाचताय ना? मग चष्मा लावून नीट वाचा. पाळकसाहेबांची बहीण नर्स नव्हती. ती दवाखान्याच्या लाँड्रीत रक्ताच्या, पुवाच्या, घाणीच्या चादरी धूत होती. त्या कामावर पाळकसाहेब शिकले, त्यांचा पहिला काळा कोट त्याच कामाने शिवला. त्यांना याची लाज वाटते. मला त्यांची वाटते.

आता तू ऐक. लाँड्रीत आम्हाला सगळ्यात भीती कशाची असायची ठाऊक आहे? सुईची. घाईघाईत चादर गुंडाळून टाकायचे, आत टोचायची सुई तशीच. गठ्ठा उचलला की तळहातात घुसायची. माझ्या शेजारी काम करणारी बाई त्यातच गेली, कावीळ होऊन. वरती कुणाला पत्ताही नव्हता. एकदा एक गठ्ठा आला, त्याच्या गाठीला कागदाचा कपटा बांधलेला. पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आत सुई आहे, सापडली नाही, सांभाळून.’ कुणी लिहिलं, डॉक्टरने, नातेवाइकाने, की स्वतः त्या आजाऱ्याने, मला कधीच कळलं नाही. पण वरच्या मजल्यावर कुणालातरी आठवलं होतं, की खाली ही चादर उघडणारे हात आहेत. धाकट्या, मी आयुष्यात ढीगभर उपदेश ऐकले, तुझेही ऐकले. प्रभूची प्रीती म्हणजे काय ते मला त्या कपट्यावरून कळलं. त्याला ना घंगाळ लागलं, ना फोटोवाला.

तुझ्या मावशीने तेच केलं. पाय हातात घेतला आणि त्यात माणूस पाहिला. तुमच्या सगळ्या कार्यक्रमात खरे पाय एकट्या तिनेच धुतले, आणि तुम्ही तिला काढून टाकताय! शिस्त म्हणे. बिशपचा फोटो बिघडला त्याचा हा राग आहे, सरळ सांग ना. आणि ‘सुचत नाही’ काय? दर रविवारी पाऊण तास बोलायला सुचतं.

एकतीस तारखेच्या आत ती सही मागे घे. नाही घेतलीस तर एक तारखेला मी तिथे येते, पदर खोचते, आणि पहिल्याच रविवारी भर उपासनेत तिच्या जागी फरशी पुसते. कुणी विचारलं तर सांगेन, मी पाळकाची बहीण. बघ, तोंड कुठे लपवतोस ते.

ताई


२८ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र लिहायला तीन वेळा बसलो आणि तीन वेळा उठलो.

मी दवाखान्यात गेलो. गटारवाल्याची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर गुडघ्यापासून पाय गेला असता. तो मला म्हणाला, “साहेब, माझ्यामुळे तुमचा कार्यक्रम बिघडला, माफी करा.” मी तिथून बाहेर आलो.

मग मावशीकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, जिना असा की मलाच धाप लागली. ती तिचे दुखरे गुडघे घेऊन रोज चढते. तिने मला बसा म्हटलं नाही. मी म्हणालो, मावशी, माझी चूक झाली. ती म्हणाली, “माझं सोडा. मला थंड पाण्याची सवय आहे. पण त्या माणसांना घरून बोलावून आणलं आणि थंड पाण्यात पाय घालायला लावले. कुडकुडत होती बिचारी. पाहुणे म्हणून आणलंत ना? मग पुढे गरम आणि मागे थंड का?” ती पुढे म्हणाली, “सेक्रेटरींना मी सांगायला गेले होते. ते बिशपसाहेबांना घ्यायला फाटकाशी गेले होते. मग काय करू, त्याचा पाय सडेपर्यंत वाट बघू?” म्हणजे तिने सांगायचा प्रयत्न केला होता. हे सेक्रेटरींनी मला सांगितलंच नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

परवा कमिटीची बैठक झाली. मी म्हणालो पत्र रद्द करा. पाचही जण नाही म्हणाले. मग मी त्याच पत्रावर माझ्या सहीवर काट मारून खाली लिहिलं, ‘ही सही मी मागे घेतो.’ अध्यक्ष म्हणाले, हे बिशपसाहेबांना कळवावं लागेल. मी म्हणालो कळवा.

पाच सह्या तशाच आहेत, तेव्हा एक तारखेपासून ती कामावर नाही. कमिटीचा निर्णय आता फक्त सगळी मंडळी मिळून फिरवू शकते. ती सभा सहा तारखेला, रविवारी, उपासनेनंतर आहे. तोपर्यंत झाडलोट मी स्वतः करणार आहे. आणि त्या रविवारचा उपदेशही यावरच तयार केलाय: ‘पाळकाच्या हातातला झाडू’. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल असं वाटतं. तुला एवढ्यात यायची गरज नाही. आशीर्वाद दे.

तुझा धाकटा


३१ मार्च

धाकट्या,

सही मागे घेतलीस. बरं केलंस. उशिरा केलंस, पण केलंस. वाचून मी रडले, हे तुला सांगायचं नव्हतं, सांगून टाकते.

आणि मग पुढे तो झाडू आला! अरे, तुझी खोड जात कशी नाही? चार दिवस फरशी पुसणार आणि पाचव्या दिवशी ती उपदेशात घालणार! तिची नोकरी जातेय आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी कुणासाठी येणार, तुझ्यासाठी? खबरदार. त्या झाडूबद्दल तोंडातून एक शब्द काढलास तर मी तुझी बहीण नाही.

एवढं एक ऐक. तू चांगलं काय केलंस ते गिळून टाक. वाईट काय केलंस ते सगळ्यांसमोर बोल. पाय आधी धुतले होते ते बोल. थंड पाणी बोल. सही बोल. मग खाली बस आणि गप्प राहा. त्यानंतर त्यांनी हात वर केले तर तिचं काम राहील, नाही केले तर निदान कशावर हात वर केले नाहीत ते तरी त्यांना कळेल.

सहा तारखेपर्यंत थांबते. मग येणार.

ताई


२१ एप्रिल

ताईंना सलाम.

मी चर्च झाडणारी मावशी. तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुम्हाला ओळखते. पेटीतलं टपाल रोज मी काढायची आणि सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवायची. मार्चमधली तुमची दोन्ही कार्डं त्यांच्या आधी मी वाचली. मला वाचता येतं, लिहिताही येतं. सातवीपर्यंत शिकले आहे.

सहा तारखेचं तुमचे भाऊ नीट लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. मी मागच्या बाकावर बसले होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, “त्या दिवशी आम्ही जे पाय धुतले ते आधीच धुतलेले होते. ज्या बाईने ते थंड पाण्यात बसून धुतले तिला काढायच्या पत्रावर मी सही केली. विचारपूस न करता केली. माझी बहीण लाँड्रीत काम करायची आणि तेही मी तुमच्यापासून लपवलं.” एवढं बोलून खाली बसले. पाच मिनिटांचाही उपदेश झाला नाही. मग सभेत विचारलं, मला कामावर ठेवायचं का. पेटी वाजवणाऱ्या आजींनी पहिला हात वर केला. मग त्यांच्या सुनेने. मग बायकांच्या बाजूचे बरेच, मग पुरुष. सेक्रेटरींनी दोनदा मोजले.

मी लगेच हो म्हटलं नाही. मागच्या नळाला गरम पाणी येईपर्यंत येणार नाही असं सांगितलं. त्याला अकरा दिवस लागले. अठरापासून कामावर आहे. आता सकाळी रस्ता झाडणारे पाच-सहा जण येतात आणि आपले पाय आपणच धुतात. गटारवालाही काठी टेकत येऊन गेला. मी साबण ठेवते, बाकी कुणी तिकडे फिरकत नाही. बरं आहे ते.

तुमच्या भावाची बदली झाली. लहान मंडळी आहे, लांब आहे, पुढच्या महिन्यात जातील. त्यांनी मधल्या दिवसांत बाथरूम धुतलं. कोपरे सगळे तसेच ठेवले होते. कामावर आल्यावर मी पहिलं तेच केलं. त्यांना सांगू नका, त्यांना वाटतं छान धुतलं.

आता माझं. ताई, मला तुमचा राग आला आहे. माझ्यासाठी भांडलात, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी असं कुणी भांडलं नव्हतं. पण दोन्ही कार्डं त्यांना. तिला विचार, तिच्याकडे जा, तिचे गुडघे बघ. ते कार्ड हातात घेऊन मी पेटीपाशी उभी होते. वर ‘मावशीला’ एवढं लिहिलं असतंत तरी मला पोचलं असतं. आणि मला न विचारताच ठरवलंत की येऊन माझ्या जागी फरशी पुसणार. का म्हणून? सगळ्यांना दाखवायला? माझी त्या फरशीवर चौदा वर्षं गेली, ती फरशी भावाला धडा शिकवायला ठेवलेली नाही. ते माझं काम आहे. चर्चमधल्यांनी मला विचारलं नाही याचं मला नवल वाटलं नाही. पण चादरी धुणाऱ्या बाईनेही विचारलं नाही, हे मला लागलं.

तुम्ही येणार होतात, अजून आला नाहीत. या. रविवारी दुपारी मी घरी असते, तिसऱ्या मजल्यावर. पदर खोचून येऊ नका. बसायला या.

मावशी